नकाराचा शिक्का आणि परतीचे दार

युरोपीय आयोगाच्या आकडेवारीनुसार २०२४ या वर्षात भारतातून शेंगेन व्हिसासाठी ११ लाखांहून अधिक अर्ज दाखल झाले. त्यांपैकी सुमारे १ लाख ६५ हजार अर्ज फेटाळले गेले. म्हणजे दर शंभर अर्जांमागे पंधरा अर्जदारांच्या हाती पासपोर्टसोबत नकाराचे पत्र पडले. विमानाची तिकिटे, हॉटेलांचे आरक्षण, कार्यालयातून महत्प्रयासाने मिळवलेली रजा हे सारे त्या एका कागदाने निरर्थक ठरते. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने हा केवळ मनस्ताप नव्हे, तर वर्षाच्या बचतीवर पडलेला घाव असतो.

वकिलातीने दिलेल्या नकाराची निदान चर्चा तरी होते. प्रवासाला निघाल्यानंतर, दोन देशांच्या मधल्या सीमेवर होणाऱ्या कोंडीची मात्र फारशी वाच्यता होत नाही. हातात व्हिसा असूनही विमानात बसू न दिलेला प्रवासी, लंडनची धावती भेट आटोपून पॅरिसला परतताना अडवला गेलेला पर्यटक, मुलाकडे अमेरिकेत गेलेले आणि मुक्कामाची मुदत चुकवून बसलेले आईवडील हे सारे याच प्रश्नाचे दुसरे अंग आहे. पहिल्या प्रवेशाची जेवढी काळजी घेतली जाते, तेवढी दुसऱ्या प्रवेशाची घेतली जात नाही, हे या कोंडीमागचे प्रमुख कारण होय.

तीन दारे, तीन पहारेकरी

व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी, हा आपल्याकडील सर्वांत दृढ गैरसमज. प्रत्यक्षात व्हिसा ही सीमेपर्यंत जाऊन प्रवेश मागण्याची परवानगी असते. तिच्यापुढे आणखी दोन दारे असतात.

पहिले दार वकिलातीचे. अर्ज स्वीकारणारी खासगी केंद्रे येथे केवळ हमालाचे काम करतात. २००१ मध्ये मुंबईत सुरुवात करून आज जगभर पसरलेल्या व्हीएफएस ग्लोबलसारख्या कंपन्या कागद गोळा करतात, बोटांचे ठसे घेतात आणि पासपोर्ट परत देतात. निर्णय मात्र संबंधित देशाचा अधिकारीच घेतो. त्यामुळे केंद्रातील कोणी ओळखीचा असल्याचे सांगून ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्या दलालावर विसंबणे हा शुद्ध भाबडेपणा ठरतो.

दुसरे दार विमान कंपनीचे. प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत नेण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या नियमांनुसार त्याला आणणाऱ्या कंपनीवर असते. अनेक देश अशा कंपन्यांना दंडही करतात. साहजिकच काऊंटरवरील कर्मचारी परतीचे तिकीट, पासपोर्टची उरलेली मुदत आणि व्हिसावरील प्रवेशांची संख्या बारकाईने पाहतो. त्याला शंका आली, तर सुटकेस तिथेच थांबते.

तिसरे दार सीमेवरील अधिकाऱ्याचे. मुक्काम कुठे, किती दिवस, खर्च कोण करणार, हे प्रश्न तो पुन्हा विचारू शकतो. वकिलातीत दिलेली उत्तरे आणि येथे दिलेली उत्तरे जुळली नाहीत, तर व्हिसा वैध असूनही प्रवेश नाकारला जाऊ शकतो.

नकार त्यांचा, खर्च आपला

शेंगेन व्हिसाचे शुल्क ११ जून २०२४ पासून प्रौढांसाठी ८० युरोंवरून ९० युरो झाले. अर्ज फेटाळला गेला तरी ही रक्कम परत मिळत नाही. चार प्रौढांच्या कुटुंबाचे ३६० युरो आणि त्यावर अर्ज केंद्राचे सेवाशुल्क एका नकाराबरोबर बुडते. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाचे १८५ डॉलर असेच जातात. जपानने मात्र वेगळी पद्धत ठेवली आहे. तेथे व्हिसाचे शुल्क व्हिसा मंजूर झाल्यावरच घेतले जाते.

नकाराचे कारण सांगण्याच्या बाबतीतही देशोदेशी तऱ्हा निराळी. शेंगेन देशांना २००९ च्या व्हिसा संहितेने ठराविक नमुन्यात कारण कळवणे आणि अपिलाचा मार्ग दाखवणे बंधनकारक केले. प्रवासाचा हेतू पटला नाही, खर्चाची तरतूद अपुरी वाटली, मुदतीत मायदेशी परतण्याच्या इराद्याविषयी शंका आहे, अशी कारणे त्या नमुन्यात छापलेलीच असतात आणि अधिकारी त्यांपैकी लागू असेल त्यावर खूण करतो. ही खूण म्हणजे खुलासा नव्हे. कोणत्या कागदाने शंका निर्माण झाली, हे बहुतेक वेळा गुलदस्त्यातच राहते.

अमेरिकेत तर कायद्याची सुरुवातच संशयाने होते. तेथील १९५२ च्या स्थलांतर कायद्यातील २१४ (ब) या कलमानुसार पर्यटक व्हिसाचा प्रत्येक अर्जदार स्थायिक होण्याच्याच इराद्याने येत आहे, असे गृहीत धरले जाते. ते खोटे असल्याचे दाखवण्याची जबाबदारी अर्जदारावर असते आणि त्यासाठी त्याला मुलाखतीची काही मिनिटेच मिळतात. या नकाराविरुद्ध अपील नाही. नवे शुल्क भरून नवा अर्ज करणे एवढाच मार्ग उरतो. ब्रिटनमध्येही पर्यटकाला अपिलाचा अधिकार नाही. जपान कारण सांगत नाही, शिवाय त्याच हेतूसाठी सहा महिने पुन्हा अर्जही स्वीकारत नाही. जर्मनीने वकिलातीकडेच फेरविचार मागण्याची जुनी सोय १ जुलै २०२५ पासून जगभर बंद केली. आता तेथे नवा अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या न्यायालयात दाद मागायची. दहा दिवसांच्या सहलीसाठी बर्लिनला वकील कोण लावणार?

परक्याला दारात उभे करायचे की नाही, हा प्रत्येक सार्वभौम राष्ट्राचा अधिकार आहे आणि तो कोणी नाकारत नाही. परंतु निर्णय एकाचा आणि त्याचा संपूर्ण भार दुसऱ्यावर, ही व्यवस्था न्याय्य म्हणता येत नाही. शुल्क घेणाऱ्याने निदान समजेल असे कारण द्यावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

‘एकदाच प्रवेश’चा सापळा

व्हिसाच्या चिकटपट्टीवर मुदतीच्या तारखांखेरीज प्रवेशांची संख्या छापलेली असते. एक, दोन किंवा अनेक. घाईत हाच रकाना दुर्लक्षित राहतो आणि पुढची सारी फरफट तेथून सुरू होते.

शेंगेन क्षेत्रात आज २९ देश आहेत. या देशांमध्ये फिरताना सीमा ओलांडली तरी नवा प्रवेश मोजला जात नाही. ब्रिटन आणि आयर्लंड मात्र या क्षेत्रात नाहीत. तुर्कस्तान, अल्बानिया, सर्बिया हेही बाहेरच. एकदाच प्रवेशाचा व्हिसा घेऊन पॅरिसहून लंडनला गेलेल्या पर्यटकाचा शेंगेन व्हिसा त्या क्षणी वापरून संपतो. त्यावर पंधरा दिवसांची मुदत शिल्लक असली तरी उपयोग नाही. परतीचे विमान झुरिचहून असेल, तर ते तिकीट वाया गेलेच म्हणून समजावे. उपाय साधा आहे. लंडन सहलीच्या आरंभी किंवा अखेरीस ठेवावे, अथवा अर्जातच अनेक प्रवेशांची गरज मार्गक्रमासह दाखवावी.

जुन्या माहितीवर विसंबणेही येथे महागात पडते. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ रोजी शेंगेनमध्ये आला. बल्गेरिया व रुमानिया यांच्या विमानतळांवरील व बंदरांवरील तपासणी ३१ मार्च २०२४ रोजी आणि जमिनीवरील सीमांची १ जानेवारी २०२५ रोजी संपली. त्यापूर्वीच्या प्रवाशाने सांगितलेला ‘क्रोएशियात गेले की शेंगेनचे दिवस थांबतात’ हा अनुभव आज लागू नाही. उलट तेथील मुक्काम आता मोजला जातो.

आशियातही असेच खाचखळगे आहेत. थायलंडमध्ये एकदाच प्रवेशाच्या व्हिसावर असलेल्या परदेशी व्यक्तीने पुनर्प्रवेशाचा परवाना न घेता शेजारच्या देशात फेरी मारली, तर तिची उरलेली मुक्कामाची परवानगी संपुष्टात येते. पासपोर्ट हरवला तर प्रश्न अधिक बिकट होतो. भारतीय दूतावास आणीबाणीचे प्रमाणपत्र देतो, पण ते केवळ मायदेशी परतण्यासाठी असते. हरवलेल्या पासपोर्टातील व्हिसे त्याच्याबरोबर जातात आणि सहलीचे पुढचे टप्पे तेथेच संपतात.

नव्वद दिवसांचे गणित

अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळाला म्हणजे हवे तितके राहता येते, असेही नाही. शेंगेन क्षेत्रात कोणत्याही १८० दिवसांच्या कालावधीत जास्तीत जास्त ९० दिवस राहण्याची मुभा आहे. ऑक्टोबर २०१३ पासून हा हिशेब मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागे वळून केला जातो. आगमनाचा आणि प्रस्थानाचा असे दोन्ही दिवस त्यात धरले जातात.

एक उदाहरण घेऊ. मुलीकडे म्युनिचला गेलेली आई १ जानेवारीला पोहोचली आणि ३१ मार्चला निघाली. लीप वर्ष नसेल, तर तिचे ९० दिवस पूर्ण झाले. व्हिसा दोन वर्षांचा असला तरी तिला ३० जूनपूर्वी पुन्हा पाऊल ठेवता येणार नाही. मे महिन्यात नातवाचे बारसे ठरले, तर ते आजीविनाच करावे लागेल.

पूर्वी हा हिशेब पासपोर्टवरील पुसट शिक्क्यांवरून होत असे आणि त्यात थोडीफार चूक खपून जाई. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या प्रवेश-निर्गमन प्रणालीत बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची प्रतिमा यांसह प्रत्येक आगमन-प्रस्थानाची नोंद संगणक ठेवतो. एका दिवसाचा जादा मुक्कामही त्यातून सुटण्याची शक्यता राहिलेली नाही.

याच व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नियम पाळणाऱ्या भारतीयांसाठी युरोपीय आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये सवलत दिली. आधीच्या तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून ते नियमानुसार वापरलेल्या भारतातील रहिवाशाला दोन वर्षांचा आणि त्यानंतर सामान्यतः पाच वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो. पासपोर्टची मुदत मात्र तेवढी शिल्लक हवी. थोडक्यात, जुना स्वच्छ व्यवहार हीच नव्या व्हिसाची खरी शिफारस ठरू लागली आहे.

दहा वर्षांचा व्हिसा, सहा महिन्यांचा मुक्काम

अमेरिकेचा पर्यटक व्हिसा भारतीयांना साधारणतः दहा वर्षांसाठी मिळतो. या दहा वर्षांनीच अनेकांची दिशाभूल होते. किती दिवस राहता येईल हे व्हिसा ठरवत नाही. ते ठरवतो विमानतळावरील अधिकारी, आणि ती तारीख ‘आय-९४’ या नोंदीत असते. पर्यटकाला बहुधा सहा महिने मिळतात. त्या तारखेनंतर राहिले, तर दहा वर्षांचा व्हिसा तत्काळ रद्द समजला जातो आणि नवा अर्ज सर्वसाधारणपणे मायदेशातूनच करावा लागतो. १८० दिवसांहून अधिक बेकायदा मुक्काम झाल्यावर देश सोडला, तर तीन वर्षे आणि एक वर्ष वा अधिक झाल्यास दहा वर्षे पुनर्प्रवेशाला बंदी, अशी १९९६ च्या कायद्याची तरतूद आहे.

न्यू जर्सीत मुलाकडे गेलेल्या आईवडिलांना नायगारा पाहायचा असतो. कॅनडाच्या बाजूने धबधबा अधिक देखणा दिसतो, हे खरे. पण त्या पुलावरून पलीकडे जाण्यासाठी भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो आणि परतताना अमेरिकेचा अधिकारी पुन्हा तपासणी करतो. कॅनडाला जाऊन आले की सहा महिने नव्याने मोजायला लागतात, हा समज चुकीचा आहे. शेजारी देशातील ३० दिवसांपर्यंतच्या फेरीनंतर बहुधा जुनीच तारीख कायम राहते. अमेरिकी व्हिसाची मुदत संपली असली तरी आय-९४ वैध असेल, तर या छोट्या फेरीनंतर परत घेण्याची सवलत आहे. परंतु त्या फेरीतच कॅनडात बसून नव्या अमेरिकी व्हिसासाठी अर्ज केला, तर ही सवलत संपते. अर्ज नाकारला गेल्यास सामान न्यू जर्सीत आणि माणूस टोरांटोत, अशी अवस्था ओढवते.

नियम किती वेगाने फिरतात, याचे उदाहरणही अमेरिकेनेच घालून दिले. भारतातील मुलाखतींची प्रतीक्षा वर्षाच्या पुढे गेली, तेव्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये परदेशी जाणाऱ्या भारतीयांनी बँकॉकसारख्या ठिकाणी अर्ज करावा, असे अमेरिकेच्या दिल्लीतील दूतावासानेच सुचवले होते. अनेकांनी तो मार्ग धरला. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच अर्ज करावा, असे अमेरिकेने जाहीर केले. इराणनेही भारतीय पर्यटकांना फेब्रुवारी २०२४ पासून दिलेली व्हिसामुक्त प्रवेशाची सवलत नोव्हेंबर २०२५ मध्ये स्थगित केली. शेजाऱ्याच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर यंदाची सहल आखणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

नकार परवडतो, लपवाछपवी नाही

नकाराचा डाग लागला म्हणजे सारे संपले, या भीतीतून पुढची मोठी चूक घडते. पुढील अर्जात ‘यापूर्वी व्हिसा नाकारला गेला आहे काय’ या प्रश्नापुढे ‘नाही’ असे लिहिले जाते. काही दलालही तसा सल्ला देतात. नकारापेक्षा हे एक असत्य कितीतरी महाग पडते.

शेंगेन देशांची सामाईक व्हिसा माहिती प्रणाली भारतात नोव्हेंबर २०१५ पासून लागू आहे. एका वकिलातीने दिलेला नकार दुसरीला संगणकावर दिसतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्यातही अशा माहितीच्या देवाणघेवाणीची व्यवस्था आहे. खोटी माहिती किंवा बनावट बँक विवरणपत्र उघडकीस आले, तर ऑस्ट्रेलियात तीन वर्षे, कॅनडात पाच वर्षे आणि ब्रिटनमध्ये दहा वर्षे दार बंद होऊ शकते. अमेरिकेत तर हेतुपुरस्सर केलेल्या असत्याची अपात्रता आयुष्यभर चिकटते आणि तिच्यातून सुटका विशेष सवलतीनेच होते. अर्ज दलालाने भरला होता, हा बचाव सहसा टिकत नाही. खाली सही अर्जदाराची असते.

पासपोर्टवरील नकोसा शिक्का दिसू नये म्हणून पान फाडणे हा तर गुन्हाच. पासपोर्ट ही १९६७ च्या कायद्यानुसार केंद्र सरकारची मालमत्ता आहे. धारक केवळ तिचा सांभाळ करतो. पान नाहीसे झालेला पासपोर्ट मायदेशाच्याच विमानतळावर पोलिसांपर्यंत पोहोचवतो.

याउलट प्रामाणिकपणे सांगितलेला नकार फारसा आड येत नाही. पूर्वीच्या नकारामुळे नवा अर्ज आपोआप फेटाळता येणार नाही, असे शेंगेनच्या व्हिसा संहितेतच नमूद आहे. पहिल्या अर्जात काय कमी पडले, हे ओळखून ते भरून काढणे महत्त्वाचे. खात्यात आदल्या आठवड्यात अचानक जमा झालेली मोठी रक्कम, रजेच्या पत्राचा अभाव, जिथे सर्वाधिक मुक्काम त्या देशाऐवजी ‘लवकर व्हिसा देणाऱ्या’ देशाकडे केलेला अर्ज, या गोष्टी संशयाला निमंत्रण देतात. त्या दुरुस्त न करता आठवडाभरात तेच कागद पुन्हा सादर करणे म्हणजे दुसरा नकार विकत घेणे होय.

भारताचाही धडा

दुसऱ्यांच्या नियमांवर बोट ठेवताना आपला इतिहासही आठवावा. ऑक्टोबर २००९ मध्ये डेव्हिड हेडलीला शिकागोत अटक झाली आणि त्याच्या मुंबईतील वारंवार फेऱ्या उजेडात आल्या. त्यानंतर भारताने पर्यटक व्हिसावर येणाऱ्या परदेशींना दोन भेटींमध्ये दोन महिन्यांचे अंतर ठेवण्याची सक्ती केली. भारतातून नेपाळ किंवा श्रीलंकेला जाऊन परत येऊ पाहणारे प्रवासी या नियमात अडकले. गोव्यात हिवाळा काढणाऱ्या आणि मध्येच कोलंबोची फेरी करणाऱ्या युरोपीय पर्यटकांचाही त्यात समावेश होता.

विसंगती अशी की, हेडलीने टेहळणीसाठी व्यावसायिक व्हिसा वापरला होता. पर्यटकांवरील निर्बंध त्याला अडवू शकले नसते. टीका झाल्यानंतर डिसेंबर २०१२ मध्ये काही मोजक्या देशांचे नागरिक वगळता हा नियम मागे घेण्यात आला. एका गुन्हेगारासाठी आखलेली रेघ हजारो निरुपद्रवी प्रवाशांना अडवते आणि तरीही गुन्हेगार तिच्या बाजूने निघून जातो, हा त्या तीन वर्षांचा धडा. तो आज वॉशिंग्टन, बर्लिन आणि टोकियोसमोर मांडण्याचा नैतिक अधिकार भारताला आहे, कारण चूक दुरुस्त करता येते हे भारताने स्वतः दाखवून दिले. व्यापार करारांच्या वाटाघाटींत कुशल मनुष्यबळाच्या व्हिशांचा आग्रह धरला जातो. त्याच टेबलावर सामान्य पर्यटकाला नकाराचे स्पष्ट कारण आणि परवडणारा फेरविचार मिळावा, ही मागणीही ठेवायला हवी.

तोपर्यंत प्रवाशाचे संरक्षण त्याच्याच हाती आहे. व्हिसा हाती आल्यावर नाव, तारखा, मुक्कामाचे दिवस आणि प्रवेशांची संख्या हे चार रकाने तेथेच वाचावेत आणि चूक असल्यास निघण्यापूर्वी दुरुस्त करून घ्यावी. सहलीत जेवढ्या वेळा सीमा ओलांडायची, तेवढ्या वेळा परतीचा परवाना आहे ना, हे कागदावर मांडून पाहावे. नियम संबंधित देशाच्या अधिकृत माहितीतूनच घ्यावा. व्हिसा येईपर्यंत परतावा न मिळणारी तिकिटे काढू नयेत. सीमेवर अडवले गेलेच, तर हुज्जत घालू नये, न समजलेल्या कागदावर सही करू नये आणि भाषेची अडचण असल्यास दुभाषा मागावा. अमेरिकेत तर सक्तीने परत पाठवणी झाल्यास पाच वर्षांची बंदी लागते, तर अधिकाऱ्याच्या संमतीने प्रवेशाचा अर्ज स्वतः मागे घेतल्यास ती टळते. स्थानबद्धता झाल्यास आपल्या वाणिज्य दूतावासाला कळवण्याची मागणी करण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराने दिलेला आहे. दूतावास प्रवेश मिळवून देऊ शकत नाही, पण माणूस एकटा पडणार नाही एवढे तो पाहू शकतो.